मधल्या ओळीत बस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की सांगायच्या होत्या त्यातल्या निम्म्या गोष्टी राहिल्या आणि सांगितल्या त्यातली एक चुकीची सांगितली. फोनवर माझं असंच होतं. म्हणून हे पत्र. तुझी आई हसेल. सांगलीत आमची घरं एका गल्लीत होती तरी मी तिला चिठ्ठ्या लिहायचे. हसू दे.

चुकीचं काय सांगितलं ते आधी. मी म्हणाले, “अगं, तू बासरी वाजवतेस, रेकॉर्डर काय, दोन आठवड्यांत येईल.” बोटं दोन आठवड्यांत बसतील, हे खरं आहे. खुर्चीत बसायला वर्ष लागेल. शनिवारी आमच्या रेकॉर्डर वाजवणाऱ्यांच्या मंडळात येणार असलीस तर हा फरक आधीच माहीत असलेला बरा. नाहीतर पहिल्याच दिवशी रडकुंडीला येशील आणि आपल्याला पाश्चात्य संगीत जमत नाही असं ठरवून मोकळी होशील. मी जवळजवळ झालेच होते.

आधी नावाचा घोळ. मी दर महिन्याला रेकॉर्डरच्या मंडळात जाते असं भावाला कळवलं, तेव्हा त्याने विचारलं, माळ्यावरचा बाबांचा टेपरेकॉर्डर दुरुस्त करून पाठवू का? इंग्रजीत ‘रेकॉर्ड’ या क्रियापदाचा एक जुना अर्थ होता घोकणं, पाठ केलेलं पुन्हा म्हणणं. पाखरं सूर गिरवतात त्यालाही हाच शब्द वापरत. त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. फ्रेंच लोक मात्र याला चोचीची बासरी म्हणतात आणि जर्मन लोक गट्टूची बासरी. ती नावं जास्त सरळ आहेत. जत्रेत अलगूज मिळायचं आठवतं? तोंडाशी तिरकं कापलेलं, आत लाकडाचा गट्टू बसवलेलं? त्याच घराण्यातलं हे. सात भोकं पुढे आणि एक मागे, अंगठ्यासाठी.

तुझ्या बासरीत सूर ओठांवर तयार होतो. फुंकेचा कोन बदललास की चढतो, उतरतो, बोट सरकवलंस की मींड येते. इथे हवेची वाट लाकडात कोरून ठेवलेली आहे. ओठांना काहीच काम नाही, आणि तुला पहिले काही दिवस हात बांधल्यासारखं वाटेल. जोरात फुंकलंस की आवाज मोठा होण्याआधी सूर चढतो. हळू फुंकलंस की पडतो. बासरीला लागते तेवढी हवा तर लागतच नाही, उलट उरलेल्या श्वासाचं काय करायचं हा प्रश्न पडतो. मग नक्षीकाम करायचं कुठे? जिभेवर. व्हेनिसच्या गानासी नावाच्या वादकाने 1535 मध्ये या वाद्यावर एक पुस्तक छापलं. त्यात तो आधी सांगतो की वादकाने माणसाच्या गळ्याची नक्कल करावी, आणि मग जिभेचे बोल देतो: तेके तेके, तेरे तेरे, लेरे लेरे. कठीण बोल, मधले बोल, मऊ बोल. मी ते वाचलं तेव्हा मला लहानपणी तबल्याच्या क्लासच्या दारात उभी राहून ऐकायचे ती संध्याकाळ आठवली. यात तुझा एक फायदा आहे. इंग्रजांचा ‘टी’ आपल्या त आणि ट यांच्या मधे कुठेतरी अडकलेला असतो. तू सरळ आपला दंत्य ‘तु’ आणि ‘दु’ वापर. सूर कसा स्वच्छ उघडतो बघ.

आता मंडळाबद्दल. त्यामागे एक गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते.

हे वाद्य एकेकाळी इथे इंग्लंडमध्ये घरोघरी होतं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण दरबारी नक्की होतं. राजा आठवा हेन्री वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेची यादी केली, त्यात 76 रेकॉर्डर निघाले. हॅम्लेट नाटकात रेकॉर्डर रंगमंचावर येतो. लंडनच्या सॅम्युअल पीप्स या रोजनिशीकाराने 1668 मध्ये एका नाटकात फुंकवाद्यांचं संगीत ऐकलं आणि तो इतका वेडावला की काही आठवड्यांतच जाऊन स्वतःसाठी रेकॉर्डर घेऊन आला. पण अठराव्या शतकात वाद्यवृंद मोठे झाले, आडवी फ्लूट पुढे आली आणि हा बिचारा मागे पडत पडत दिसेनासा झाला. दीडशेएक वर्षं तो कपाटांत आणि संग्रहालयांत पडून होता.

आर्नल्ड डोल्मेच हा मूळचा फ्रान्समधला माणूस इंग्लंडमध्ये जुनी वाद्यं दुरुस्त करायचा, नव्याने बनवायचा, वाजवायचा. त्याच्याकडे ब्रेसां नावाच्या कारागिराने अठराव्या शतकात केलेला एक अस्सल रेकॉर्डर होता. 1919 मध्ये सगळं कुटुंब कार्यक्रमाहून परतताना वॉटर्लू स्टेशनवर वाद्यांची पिशवी फलाटावरच राहिली. ती सांभाळायचं काम होतं धाकट्या कार्लकडे, वय वर्षं सात. पिशवी गेली, रेकॉर्डर गेला. (पुढे तो सापडला, पण ते पुढे.) डोल्मेचने मग त्याच्या मोजमापांवरून स्वतःच रेकॉर्डर करायला घेतला, आणि तिथून हे वाद्य पुन्हा बनू लागलं. पिशवी विसरणारा तो मुलगा मोठा होऊन नावाजलेला वादक झाला, आणि 1937 मध्ये एडगर हंट वगैरे मंडळींबरोबर त्याने ‘सोसायटी ऑफ रेकॉर्डर प्लेअर्स’ काढली. तिच्याच शाखा देशभर आहेत आणि बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा जमतात. दोन वर्षांनी अमेरिकेतही अशीच संस्था निघाली. उद्या तू तिकडे गेलीस तरी तुझी सोय आहे. फक्त रेकॉर्डरच्या आकारांची नावं बदलतात: इथला लहान, उंच सुराचा डेस्कंट तिथे सोप्रानो होतो आणि त्याहून मोठा ट्रेबल तिथे आल्टो.

ही गोष्ट इतकी लांबवण्याचं एक कारण हेही आहे, की तू ट्रेनने येणार आहेस.

मंडळ म्हणजे काय, तर आपलं गुरुवारचं भजन डोळ्यापुढे आण. परीक्षा घेऊन कोणी आत घेत नाही. टाळ कसाही वाजवणारे एक काका असतात, त्यांना कोणी उठवत नाही. पेटीवाला मात्र चांगला असतो आणि सगळं त्याच्या जिवावर चालतं. इथे पेटीवाल्याच्या जागी संचालक. कधी आमच्यातलाच, पण बऱ्याचदा बाहेरून बोलावलेला, दर महिन्याला वेगळा. तो येताना गठ्ठाभर नोटेशन आणतो. चर्चच्या हॉलमध्ये घोड्याच्या नालासारख्या खुर्च्या मांडायच्या, लहान वाद्यापासून मोठ्यापर्यंत: एका टोकाला डेस्कंट, मग ट्रेबल, टेनर, बास, आणि दुसऱ्या टोकाला ग्रेट बास आणि कॉन्ट्राबास, म्हणजे माणसाएवढ्या उंचीच्या चौकोनी लाकडी पेट्या, ज्या पहिल्यांदा बघितल्यावर मला गॅसची गळती शोधायचं यंत्र वाटलं होतं. दोन तास वाजवायचं, मधे चहा, शेवटी खुर्च्या रचायच्या. कार्यक्रम नाही, प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत. वर्षभरात एखाद्या वृद्धाश्रमात जाऊन नाताळची गाणी वाजवतो तेवढंच.

तू विचारलंस, “सगळे साठीच्या पुढचे आहेत, मी तिथे काय करू?” बहुतेक सत्तरीच्या पुढचे आहेत, आणि तू मागच्या पन्नास वर्षांतलं आयुष्य सोडून त्यांच्याशी बोल. त्यांना काका-काकू म्हणायचं नाही, नावाने हाक मारायची. आमच्या बास वाजवणाऱ्या एकोणऐंशी वर्षांच्या आजोबांना नुसत्या नावाने हाक मारायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी त्यांच्यासमोर जाऊन घसा खाकरायचे. घरचं कोणी काही विचारणार नाही, लग्नाचं तर नाहीच. ते तुला आवडेल, मला सुरुवातीला ते कोरडं वाटलं होतं. ओळख होते ती खुर्च्या रचताना. म्हणून लवकर ये आणि उशिरा नीघ.

आणि आता मुद्द्याचं. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. डेस्कंट वाजवू नकोस. टेनर घे, आणि मधल्या ओळीत बस. ओळ म्हणजे एकाच रचनेतला प्रत्येक वाद्याचा आपापला वेगळा भाग, सगळे एकाच वेळी वाजतात.

नव्या माणसाला सगळे डेस्कंट देतात, कारण तो लहान, स्वस्त आणि इथल्या प्रत्येक घरात शाळेच्या दिवसांपासून एक पडलेला असतो. शिवाय डेस्कंटला चाल असते. तू घरी सराव केलास तर पंधरा मिनिटांत तुला ओळखीचं काहीतरी वाजवल्याचं सुख मिळेल. तिथेच गोची आहे. तू ज्या संगीतात वाढलीस त्यात एक माणूस गातो आणि बाकीचे त्याला साथ करतात. तुझा कान त्या एकाला शोधत राहतो. वरची ओळ मिळाली की तो कान म्हणतो, हं, हेच गाणं, बाकीचं तंबोरा. मग तू वर्षभर डेस्कंट वाजवशील, छान वाजवशील, आणि खाली काय चाललं आहे ते तुझ्या कानावर पडणारच नाही. मला हे माहीत आहे कारण मी पहिलं दीड वर्ष तेच केलं.

टेनरच्या ओळीला घरी एकटीने वाजवलंस तर काही अर्थ लागत नाही. एकच सूर चार वेळा, मग एक पायरी वर, मग दोन मोजून गप्प, मग एक उडी, आणि संपलं. वाटतं हे कोणी लिहिलं आणि कशासाठी. आणि मग शनिवारी वर ट्रेबल येतो, खाली बास सरकतो, आणि तुझा तोच चार वेळा धरलेला सूर पहिल्यांदा गोड लागतो, दुसऱ्यांदा टोचतो, तिसऱ्यांदा तर असा टोचतो की हात काढून घ्यावासा वाटतो, आणि चौथ्यांदा खालचा सूर बदलल्यामुळे तो जागच्या जागी बरा होतो. तू काहीच केलेलं नसतंस. नुसती टिकून राहिलेली असतेस. हे वरच्या ओळीत बसून कळत नाही.

2020 मध्ये हॉल बंद झाले तेव्हा आम्ही काही महिने संगणकावर जमायचो. आवाज पोचायला वेळ लागतो, त्यामुळे सगळ्यांचे माइक बंद आणि प्रत्येकजण आपापल्या स्वयंपाकघरात एकटा वाजवतो आहे अशी ती तऱ्हा. पडद्यावर वीस चौकोन, वीस माणसं गाल न फुगवता फुंकताहेत, आणि मला ऐकू येतो फक्त माझा टेनर आणि कुकर. मी पाच-सहा वेळा केलं आणि सोडून दिलं. डेस्कंटवाले मात्र शेवटपर्यंत टिकले. त्यांना चाल होती ना.

सोळाव्या शतकात हे संगीत छापत तेव्हा सगळ्या ओळी एकाखाली एक असा कागदच नसायचा. प्रत्येक ओळीचं वेगळं पुस्तक. टेनरच्या पुस्तकात फक्त टेनर. दुसरे काय वाजवताहेत ते कळायचा एकच मार्ग, कान. मात्रांचे गट, म्हणजे बार, वेगळे करणाऱ्या उभ्या रेघाही त्यात नसत, त्या आपल्या सोयीसाठी पुढच्या लोकांनी घातल्या. म्हणून रेघ आली की ठोका द्यायची सवय लावू नकोस. आपल्या समेसारखी सगळ्यांची एक सम इथे दर आवर्तनाला येत नाही. प्रत्येक ओळीचा श्वास वेगळ्या जागी असतो. सगळे एकत्र येऊन टेकतात ती जागा वाक्याच्या शेवटी, तिला कॅडेन्स म्हणतात. ती ऐकायला शिक, कारण हरवल्यावर तीच तुला घरी आणणार आहे.

हरवशील. पहिल्या दिवशी बारा-पंधरा वेळा, आणि मी आजही दोन-तीनदा हरवते. आपल्याकडे ताल चुकला की खजील व्हायचं असा संस्कार आहे, तो दाराबाहेर चपलांबरोबर ठेव. हरवलीस की फुंकणं थांबव, बोटं फिरवत राहा, डोळे कागदावर ठेवून कॅडेन्सची वाट बघ आणि तिथून शिर. कुठे आलो असं शेजाऱ्याला विचारू नकोस, त्याने सांगितलं की तोही हरवतो. संचालक बारचा आकडा ओरडतो, “चोवीस!”, तो पकड. विश्रांतीचे बार मोजताना आपण बोटांच्या पेरांवर मोजतो तसं करता येत नाही, बोटं अडकलेली असतात. पाय आपटलास तर लोक बघतात. मी बुटाच्या आत अंगठा हलवते. जिथे दरवेळी चुकतेस तिथे पेन्सिलने छोटा चष्मा काढ. इथे सगळे काढतात, म्हणजे ‘इथे बघ’. पेन चालत नाही, कागद मंडळाच्या ग्रंथालयाचे असतात आणि त्यावर आधीच्या कित्येक जणांचे चष्मे असतात. एका जुन्या टेनरच्या पानावर एकाच सुराभोवती चार वेगवेगळ्या हातांचे चार चष्मे आहेत. तिथे आले की मला एकटं वाटत नाही.

होलबोर्न मिळाला तर खूष हो. अँथनी होलबोर्नने 1599 मध्ये लंडनला पाच ओळींच्या 65 रचना छापल्या, बहुतेक नाचाच्या चालीच्या, आणि मुखपृष्ठावरच सांगून टाकलं की व्हायोलवर (हे गजाने वाजवायचं एक जुनं तंतुवाद्य) वाजवा, व्हायोलिनवर वाजवा नाहीतर फुंकवाद्यांवर वाजवा. आमच्यासारख्यांसाठीच जणू. त्यातल्या गॅलियार्ड नावाच्या नाचात सहा मात्रा असतात आणि त्या कधी तीन-तीन पडतात, कधी दोन-दोन-दोन. कधी वरच्या ओळीत एक आणि खालच्या ओळीत दुसरं. इथले लोक त्यात गडबडतात. तुला दादरा ठाऊक आहे, सहा मात्रांच्या पोटात असले खेळ ऐकत तू वाढलीस. तिथे तू भाव खाऊन घे.

त्याच संग्रहातली ‘द फेअरी राउंड’ नावाची एक चिमुकली रचना, डेव्हिड मन्रो आणि त्याच्या संचाने वाजवलेली, 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अवकाशात गेली. सव्वा मिनिटाची आहे. आणि त्याच तबकडीवर गोव्याच्या केरीच्या केसरबाईंची भैरवी आहे. हे मला मंडळात आल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं. चहाच्या वेळी मी सगळ्यांना केसरबाई ऐकवल्या. बासवाल्या आजोबांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि विचारलं, “बाकीच्या ओळी कोण वाजवतंय?” मी म्हटलं, बाकीच्या ओळी नाहीतच. ते बराच वेळ त्यावर विचार करत होते.

आता वाद्याचं. प्लास्टिकचं घे, लाजू नकोस. यामाहा, औलोस, झेन-ऑन या जपानी कंपन्यांचे प्लास्टिकचे रेकॉर्डर चांगले सुरात असतात आणि सगळे जण वापरतात. दुकानात ‘बरोक’ बोटांचा माग. ‘जर्मन’ बोटांचा घेऊ नकोस. 1920च्या दशकात तिकडे एक सूर सोपा करायला भोकांची मापं बदलली आणि त्यापायी दुसरे सूर बिघडवून ठेवले. टेनर लांब असतो, तुझे हात तुझ्या आईसारखे छोटे आहेत, तेव्हा खालच्या सुराला चावी आहे ना ते बघ आणि दुकानात दहा मिनिटं धरून उभी राहा. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ आली तर तो तुझा नाही. बास विकत घ्यायचा विचारसुद्धा आत्ता नको, मंडळाचा एक आहे, तो आलटून पालटून मिळतो. डाव्या अंगठ्याचं नख कापत जा. वरच्या सप्तकात मागचं भोक जेमतेम फटीएवढं उघडायचं असतं.

डेस्कंट आणि टेनर ‘सी’चे, ट्रेबल आणि बास ‘एफ’चे, म्हणजे तो त्यांचा सगळ्यात खालचा सूर. बोटं तीच, सूर वेगळे. तुला वाटेल यात काय, सा बदलला. कानाने वाजवताना अगदी तसंच आहे. पण कागदाला सा माहीत नसतो, त्यावर सुराची जागा ठाम असते. माझ्या चौथ्या की पाचव्या शनिवारी मला ट्रेबल दिला आणि मी अख्खी पावान (हाही एक जुना नाच, सावकाश चालीचा) टेनरच्या बोटांनी वाजवली, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांपेक्षा मध्यमाने वेगळी. कोणी काही बोललं नाही. चहाच्या रांगेत शेजारची बाई म्हणाली, “आज तुमची ओळ फार धाडसी होती.” तेव्हा एका वेळी एकच शिक. टेनर हातात बसेपर्यंत ट्रेबलला शिवू नकोस.

हॉल जानेवारीत गारठलेला असतो आणि गार रेकॉर्डर उतरलेला असतो. आल्या आल्या वरचा तुकडा काखेत धर, दहा मिनिटं, सगळे तसेच बसलेले असतात, थर्मामीटर लावल्यासारखे. वाजवता वाजवता तो तापतो आणि चढतो. चढलेला सूर उतरवायचा असेल तर सांधा केसभर ओढायचा. उतरलेला चढवायला मात्र काही उपाय नाही, फक्त ऊब. आवाज घोगरा झाला तर आत वाफेचं पाणी साचलंय. तोंडाजवळच्या तिरक्या कापाच्या खिडकीवर हलकं बोट ठेवून जोरात फुंक मार, निघून जातं. टाचणी, काडी, पदराचं टोक काहीही आत घालायचं नाही. कागदावर लिहिलंय त्यापेक्षा आपण एक सप्तक वर वाजतो, कारण लिहिणाऱ्यांनी माणसांच्या गळ्याच्या जागेवर लिहिलं आणि आमचे नळे लहान. त्यामुळे वीस जण एकत्र सुरात आले की एखादा छोटा चर्चचा ऑर्गन वाजतोय असं वाटतं. वीस जण सुरात येणं महिन्यातून साधारण दोनदा घडतं, प्रत्येकी तीन-चार सेकंद. त्या वेळी कोणी कोणाकडे बघत नाही.

चहा. आपला मग आपण न्यायचा. चहानंतर वाजवण्याआधी पाण्याने चूळ भरायची, कारण बिस्किटाचा चुरा हवेच्या वाटेत गेला की वाद्य बोबडं होतं. पहिल्या दिवाळीला मी मोठ्या हौसेने चिवडा नेला. लोकांना इतका आवडला की सगळ्यांनी दोन-दोन वाट्या खाल्ल्या, आणि उत्तरार्धात निम्म्या रेकॉर्डरमधून पोह्यांचे कण निघत होते. संचालक सभ्य माणूस, म्हणाला आज आपण सावकाश चालीची रचना घेऊ. तेव्हापासून मी द्राक्षं नेते.

घरी सराव किती? रोज पंधरा मिनिटं, आणि त्यातली दहा नुसते लांब सूर. समोर ट्यूनर ठेव आणि काटा हलू देऊ नकोस. उरलेली पाच मिनिटं कागद वाचायला. वाजवू नकोस, बोटाने मात्रा देत नुसतं वाच, जेवताना पेपर वाचतेस तसं. तुझं खरं कच्चं तेच आहे आणि ते फक्त वाचून सुधारतं. तुझी बासरी सोडू नकोस. दोन्ही चालतं. फक्त शनिवारी सकाळी बासरी वाजवून येऊ नकोस, फुंक मोठी राहते आणि शेजाऱ्याला त्रास होतो.

चांगलं वाजवलेलं कसं लागतं ते कानात असू दे. लीड्सहून यॉर्क अर्ध्या तासावर आहे. तिथे वॉल्मगेटला सेंट मार्गारेट्स नावाचं जुनं चर्च आहे, त्याचं आता जुन्या संगीताचं राष्ट्रीय केंद्र झालं आहे, आणि उन्हाळ्यात शहरभर जुन्या संगीताचा महोत्सव असतो. आपण दोघी जाऊ. बसायला मी बाजूची खुर्ची घेते, तिथून मधल्या ओळीतल्या माणसाची बोटं दिसतात.

शनिवारी दुपारी एकपर्यंत स्टेशनवर ये, मी गाडी घेऊन बाहेर उभी असेन. हॉलमध्ये हीटर एकाच बाजूला आहे आणि सुदैवाने तो टेनरच्या पाठीमागे येतो. उजवीकडून तिसरी खुर्ची तुझी, चौथी माझी. माझा जुना टेनर तुझ्यासाठी तेल देऊन ठेवला आहे, महिनाभर वापर, मग ठरव. संध्याकाळी घरीच जेवायचं, पिठलं-भात करते. पेन्सिल दोन आण, एक खुर्चीखाली घरंगळते आणि मग रचना संपेपर्यंत सापडत नाही.

तुझी,
मावशी